लान हा बे ओव्हरनाइट क्रूझ: रात्र बोटीवरच काढा, पण मार्ग बघून

थेट सांगतो. व्हिएतनामला निघालेल्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतोच, की हा लाँग बे हनोईहून एका दिवसात बघून यावा का बोटीवर एक रात्र काढावी, कारण रात्रीच्या क्रूझचे पैसे दिवसाच्या टूरच्या तिप्पट-चौपट होतात आणि चार जणांचं कुटुंब म्हटलं की तो आकडा बघूनच माणूस मागे सरतो. माझं मत असं की जायचंच असेल तर रात्र काढाच, पण जकुझी आणि बाल्कनीचे फोटो बघण्याआधी बोट नक्की कुठल्या पाण्यात जाते ते बघा. आम्ही हा लाँगच्या मुख्य भागाऐवजी त्याला लागून असलेला लान हा बे निवडला, आणि परत गेलो तरी तोच निवडेन.

आम्ही म्हणजे मी, बायको आणि आई-बाबा. आईबाबा दोघंही सत्तरीच्या घरात, आई पूर्ण शाकाहारी, बाबांना मासे म्हणजे जीव की प्राण, त्यात आईचे गुडघे दुखतात. त्यामुळे खाली जे लिहितोय ते हनिमूनच्या जोडप्यांपेक्षा ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांच्या जास्त कामाचं आहे. बोटीचं नाव देत नाही, कारण त्याच आकाराच्या, त्याच दराच्या, त्याच कार्यक्रमाच्या भरपूर बोटी तिथे आहेत, क्रू सीझनला बदलतो, बोटीचं नावही कधीकधी बदलतं, मार्ग मात्र तोच राहतो. म्हणून रिव्ह्यू मार्गाचा आणि एकूण अनुभवाचा समजा.

बुकिंगच्या आधी भूगोल समजून घ्या. हा लाँग बे क्वांग निन प्रांतात येतो, पसारा १,५५३ चौरस किलोमीटरचा आणि बेटं १,९६९ सांगतात, त्यातली बरीचशी म्हणजे पाण्यातून सरळ वर आलेला एकेक सुळका, ज्यावर पाय ठेवायलाही जागा नसते. त्याच्या दक्षिणेला लान हा बे, कात बा बेटाच्या कडेने पसरलेला, साधारण चारशे बेटांचा, हा हायफाँग शहराच्या हद्दीत. ईशान्येला बाई तू लाँग बे. दगड तोच, पाणी तेच, मधली रेघ फक्त सरकारी नकाशावरची. युनेस्कोने हा लाँगला १९९४ मध्ये निसर्गसौंदर्यासाठी आणि २००० मध्ये भूरचनेसाठी जागतिक वारसा यादीत घेतलं, पुढे २०२३ मध्ये कात बाचा भागही त्याला जोडला. म्हणजे लान हाला गेलात तर काहीतरी दुय्यम बघून आलात असं अजिबात नाही.

फरक आहे तो गर्दीचा. मुख्य मार्गावर सुंग सोत गुहा आणि टी टॉप बेट हे दोन थांबे जवळजवळ सगळ्यांचे ठरलेले, दिवसाच्या बोटी पण तिथेच आणि रात्रीच्या पण तिथेच. टी टॉप हे नाव सोव्हिएत अंतराळवीर गेरमान तितोववरून पडलं, तो १९६२ मध्ये हो ची मिन्हसोबत तिथे आला होता, आणि वर जायला चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत. वरून दिसणारा देखावा छानच असणार, पण आईला त्या पायऱ्या जमणारच नव्हत्या आणि भर दुपारी रांगेत उभं राहून चढायची आम्हाला तिघांनाही हौस नव्हती. लान हा घेतला की मुख्य भागातल्या एकदोन प्रसिद्ध गोष्टी हुकतात हे मात्र खरं. दोन लाख डाँगच्या नोटेवर ज्या खडकाचं चित्र आहे तो दिन्ह हुआँग खडक हा लाँगच्या बाजूला आहे, आमची बोट तिकडून गेली नाही. नोट हातात धरून फोटो काढायचाच असेल तर तुम्ही मुख्य मार्गच घ्या.

हनोईहून बंदरापर्यंत एक्स्प्रेसवे आहे, अडीच तास लागतात. शटलसाठी नऊ सीटची व्हॅन येते, तिला तिकडे लिमोझिन म्हणतात, सीटा रुंद आणि पाय पसरायला भरपूर जागा, आईबाबांना काहीच त्रास झाला नाही. मधे एक थांबा होतो, तो टॉयलेटसाठी म्हणतात पण गाडी लावतात ती मोत्यांच्या आणि भरतकामाच्या भल्यामोठ्या दुकानाच्या दारात, आणि टॉयलेटला जायचा रस्ता सगळ्या काउंटरांमधून फिरून जातो. वीस मिनिटं सांगून पस्तीस मिनिटं थांबवलं. पैसे आम्ही भरलेत, वेळ आमचा आहे, तो दुकानासाठी कापणं मला पटलेलं नाही आणि हे मी फीडबॅक फॉर्मवरही लिहून आलो.

हा लाँगच्या बाजूला जाताना रस्ता बाक दांग नदीवरच्या मोठ्या पुलावरून जातो. इथे खिडकीतून बाहेर बघा, कारण याच नदीत १२८८ साली व्हिएतनामी सेनापती त्रान हुंग दाओने मंगोल आरमार बुडवलं. नदीच्या तळात टोकदार लाकडी खांब रोवून ठेवले, भरतीच्या वेळी ते पाण्याखाली झाकलेले, तेव्हा शत्रूची जहाजं आत ओढून घेतली, आणि ओहोटी लागल्यावर तीच जहाजं खांबांवर अडकून फुटली. बाबांना मी हे पुलावरच सांगितलं तर पुढचा अर्धा तास ते भरती-ओहोटीवरच बोलत होते, आपल्या आरमारापासून ते अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं तिथपर्यंत. पुढे बोटीवर या भरतीचा संबंध आमच्याशी पण आला, ते सांगतोच.

बंदरावर पासपोर्ट घेतात. बंदर प्रशासनाकडे प्रवाशांची यादी द्यावी लागते म्हणून घेतात आणि उतरताना परत देतात, पण आपल्याकडच्या ज्येष्ठ मंडळींना हे आधी सांगून ठेवा, आई पासपोर्ट हातातून सोडायलाच तयार नव्हती. मग छोट्या बोटीने मोठ्या बोटीकडे नेतात, तिला टेंडर म्हणतात, लाइफ जॅकेट घालूनच बसायचं. ज्येष्ठांसाठी सगळ्यात अवघड जागा हीच, टेंडरमधून मोठ्या बोटीवर पाय टाकताना दोन्ही बोटी वरखाली होत असतात. पण इथे क्रूचं मनापासून कौतुक. एक पोरगा खाली टेंडरमध्ये, एक वर, दोघांनी आईचे दंड कोपराच्या वर धरले, लाट खाली बसेपर्यंत थांबायला लावलं आणि ‘नाउ, ममा’ म्हणून एका दमात वर घेतलं. प्रत्येक चढउताराला तेच दोघं हजर, सांगायची वेळच आली नाही.

केबिन स्वच्छ, एसी जोरात, बाथरूम आपल्या थ्री स्टार हॉटेलपेक्षा चांगली, गरम पाणी भरपूर. पण केबिन निवडताना दोन गोष्टी मागून घ्या. सगळ्यात खालच्या डेकवर मागच्या बाजूची केबिन घेऊ नका, इंजिन आणि जनरेटर तिकडेच असतात आणि रात्री नांगर टाकला तरी वीज लागतेच म्हणून जनरेटर चालूच राहतो. आमची केबिन खाली आणि मागे, आईबाबांची वर आणि पुढे, आमच्या पलंगाला रात्रभर बारीक थरथर होती आणि त्यांना काही ऐकूसुद्धा आलं नाही. दुसरं म्हणजे या आकाराच्या बोटींना लिफ्ट नसते, जिने अरुंद आणि उभे, तर ज्येष्ठांची केबिन रेस्टॉरंट असेल त्याच मजल्यावर मागा. आम्ही आधीच व्हॉट्सॲपवर लिहून ठेवलं होतं, त्यांनी तशी दिली, जास्तीचे पैसे न घेता.

जेवायला बसलो आणि बोट निघाली, तेव्हापासून पुढचे दोन तास आमच्यापैकी कोणाचंच ताटात लक्ष नव्हतं. आपल्या सह्याद्रीचा दगड काळा बेसाल्ट, कोकणात खाली जांभा, त्यामुळे आपल्या डोळ्याला डोंगर म्हणजे थरावर थर, सपाट माथा, उतरती बाजू. इथे सगळी चुनखडी. कोट्यवधी वर्षं पावसाच्या पाण्याने विरघळून विरघळून त्याचे सुळके झाले आणि नंतर समुद्र वर चढून मधल्या दऱ्या पाण्याखाली गेल्या. म्हणजे आपण बोटीतून जातो ती खरं तर बुडालेली दरी आहे. हे डोक्यात ठेवून बघितलं की ही बेटं बेटं वाटतच नाहीत, डोंगरांच्या माथ्यामाथ्यामधून आपण चाललोय असं वाटतं, आणि पाणी इतकं शांत का ते पण कळतं, कारण खुल्या समुद्राच्या लाटा त्या सुळक्यांच्या रांगांत बाहेरच्या बाहेर अडतात. आईला बोट लागते, मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याला जाताना तिला एवढ्याशा अंतरात त्रास झाला होता, इथे एकदाही गोळी घ्यावी लागली नाही.

दुपारी कयाकिंग होतं, हांग सांग तोई नावाच्या जागी, अंधारी आणि उजेडाची गुहा. कयाक ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी बांबूची होडी, स्थानिक बाई टोकदार टोपी घालून वल्हवते, आईबाबा तिच्यात बसले. हा भाग संपूर्ण ट्रिपमध्ये सगळ्यात आवडला म्हणून जरा सविस्तर. कयाक बेटाच्या अगदी कडेला नेली की दिसतं, पाण्याच्या पातळीला सगळीकडे दगड आत खाल्लेला आहे, एका सरळ रेषेत, उंदराने भाकरी कडेकडेने कुरतडावी तसा. वरचा डोंगर त्यामुळे पाण्यावर पुढे झुकलेला. त्या खाचेत कालवं (ऑइस्टर) खच्चून चिकटलेली, फुटलेल्या शिंपल्यांच्या धारदार कडा, हात लावू नका म्हणून गाइड सारखा ओरडत होता. वर झुकलेल्या दगडातून पाणी टपटप मानेवर पडतं, कालवांच्या फटींतून पाणी आत बाहेर होताना चुळूक चुळूक आवाज येतो आणि वास आपल्या कोकणातल्या खाडीचाच, चिखल आणि मिठाचा. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती, कालवांची ती करडी पट्टी माझ्या डोक्याच्याही वर होती, म्हणजे भरतीला एवढं सगळं पाण्याखाली जातं. या आखातात भरती आपल्यासारखी दिवसातून दोनदा येत नाही, एकदाच येते, आणि मोठ्या भरतीला फरक तीन-चार मीटरपर्यंत जातो. बाबा त्या पट्टीकडे बघून होडीतूनच मला ओरडून म्हणाले, “अरे बघ, खांब कसे झाकले असतील ते आता कळलं!”

गुहा म्हणजे आरपार बोगदा आहे. आत शिरताना वल्हं आडवं धरून डोकं वाकवायचं, मधे चांगलाच अंधार, मग पलीकडे एकदम गोल तळ्यासारखी जागा उघडते, चारी बाजूंनी उभे कडे आणि वर आभाळाचा तुकडा. गाइडने सगळ्यांना दोन मिनिटं गप्प बसायला सांगितलं आणि आश्चर्य म्हणजे आमच्या ग्रुपमधले सगळे, लहान मुलांसकट, खरंच गप्प बसले. वर झाडीत पक्ष्यांचे आवाज आणि वल्ह्यावरून पडणारं पाणी, बस्स. कधीकधी इथल्या कड्यांवर कात बाचं लंगूर दिसतं म्हणे, सोनेरी डोक्याचं, जगात फक्त या एका बेटावर उरलेलं आणि एकूण संख्या शंभराच्याही आत. आम्हाला नाही दिसलं. मी तरी मान दुखेपर्यंत वर बघत होतो.

तक्रार एवढीच की या सगळ्याला पाऊण तास दिला. एवढ्या लांबून येऊन, एवढे पैसे भरून, सगळ्यात सुंदर जागी पाऊण तास आणि नंतर बोटीवर परत आणून दोन तास ‘हॅपी अवर’. दीड तास सहज देता आला असता. बुकिंग करताना प्रत्येक ॲक्टिव्हिटीला किती वेळ ते लेखी विचारा, बोटीबोटीत यात खूप फरक आहे. कयाकिंगनंतर एका छोट्या पुळणीजवळ पोहायला सोडलं, पाणी हिरवट, खोल गेल्यावर तळ दिसत नाही, अंदमानसारखं काचेचं पाणी डोक्यात असेल तर ते इथे मिळणार नाही.

आता रात्र का काढायची ते. संध्याकाळी पाचच्या सुमारास दिवसाच्या सगळ्या बोटी परत फिरतात. तोपर्यंत सतत कुठून ना कुठून इंजिनाची घरघर आणि माइकवर बोलणारे गाइड, आणि मग अर्ध्यापाऊण तासात ते सगळं विरतं. डोंगरांचे रंग बदलतात, जवळचे हिरवे-काळे, मागचे निळे, त्यामागचे नुसते धुरकट, सात-आठ पदर मोजता येतात. घारी वर गोल फिरतात आणि एकेक करून पाण्याला पाय लावून काहीतरी उचलून नेतात. आम्ही चौघं वरच्या डेकवर खुर्च्या टाकून बसलो होतो, बाबांनी शाल घेतली, कोणी फोन काढला नाही. हे दिवसाच्या टूरवाल्यांना मिळतच नाही, ते तेव्हा एक्स्प्रेसवेवर असतात. पैसे याचे आहेत.

पण जाहिरातीच्या फोटोत दाखवतात तशी एकटी बोट, आजूबाजूला चिटपाखरू नाही, असंही नसतं. रात्री बोटींना ठरवून दिलेल्या जागीच नांगर टाकावा लागतो, कुठेही वाटेल तिथे थांबता येत नाही, सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. आमच्या आजूबाजूला दहा-बारा बोटी होत्या दिवे लावून, त्यातल्या एकीवर साडेदहापर्यंत कराओके चालू होतं. त्यानंतर मात्र शांत. बोटीच्या कडेला दिवा लावून माकूळ (स्क्विड) पकडायचा कार्यक्रम असतो, बांबूच्या काठ्या देतात, बाबा अकरापर्यंत तिथून हलले नाहीत आणि शेवटी बोटाएवढं एक माकूळ मिळालं, क्रूच्या पोरांनी बाबांपेक्षा जास्त आरडाओरडा केला आणि बाबांनीच ते परत पाण्यात सोडलं.

जेवण. शाकाहारी लोकांनी हा परिच्छेद नीट वाचा. व्हिएतनामी स्वयंपाकात फिश सॉस म्हणजे आपल्याकडे मीठ तसा, भाजीत, सूपमध्ये, चटणीत, सगळीकडे. नुसतं ‘व्हेज’ म्हटलं तर भाजी येते पण फिश सॉसमध्ये परतलेली, आणि देणारा माणूस काही फसवत नसतो, त्याच्या दृष्टीने त्यात मासा नाहीच. तिकडे बौद्ध शाकाहाराची स्वतःची परंपरा आहे, पौर्णिमा-अमावास्येला कितीतरी लोक मांस-मासे खात नाहीत, त्याला ‘आन चाय’ म्हणतात, ते सांगितलं की बरोबर कळतं. आम्ही बुकिंगच्या वेळी आणि आदल्या दिवशी असं दोनदा कळवलं होतं, फिश सॉस नको, ऑइस्टर सॉस नको, अंडं चालेल. बसल्याबसल्या वाढणारी मुलगी आईपाशी आली, हातातल्या कागदावर चारही जेवणांची यादी, त्यात आईचे पदार्थ वेगळ्या रंगाने लिहिलेले. टोमॅटोमधलं टोफू, लसूण घालून परतलेली पालेभाजी, मशरूमचे रोल, भोपळ्याचं सूप, भात. आई म्हणाली, तिखट नाही पण चव आहे, आणि दोन्ही वेळा पोटभर जेवली. लसणाची चटणी आम्ही नेली होती, तिचा उपयोग झाला. कांदा-लसूणही न खाणारे असाल तर आधी फोनवर नीट बोलून घ्या, आणि केबिनमध्ये किटली असते तर इन्स्टंट उपमा-पोह्यांची पाकिटं ठेवा बरोबर. अलीकडे भारतीय ग्रुप इतके वाढलेत की काही बोटी इंडियन मेन्यू पण देतात, पण पनीर बटर मसाला खायला एवढ्या लांब जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बाबांची मात्र चंगळ. वाफवलेला मासा आलं आणि कांद्याच्या पातीवर, भाजलेली कालवं वर शेंगदाणे आणि तळलेला कांदा घालून, कोळंबी. कालवं बाबांनी आमच्या वाटणीची पण संपवली. संध्याकाळी स्प्रिंग रोल करायला शिकवतात, तांदळाचा पातळ कागद ओला करून त्यात भरायचं, बायकोला ते लगेच जमलं, तो कागद आता पुण्यात पण मिळतो तर घरी सुरू झालंय. पाणी फुकट, बाकी पेयं वेगळी, बियर साधारण ८० हजार डाँग म्हणजे आपले पावणेतीनशे, ज्यूस पण तेवढाच.

सकाळी सहा-सव्वासहाला वरच्या डेकवर ‘ताई ची’ हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम असतो. आई गुडघ्यांमुळे येणार नाही म्हणत होती, तो शिकवणारा माणूस तिच्यासाठी खुर्ची घेऊन आला आणि सगळा क्लास त्याने हातांच्या हालचाली जास्त ठेवून घेतला. कॉफी तिकडची फिल्टरची, खाली कंडेन्स्ड मिल्क, दाट आणि कडू-गोड. पाण्यावर धुकं बसलेलं आणि दिवसाच्या बोटी यायला अजून तीन-चार तास. जमलं तर साडेपाचलाच उठा, हा वेळ झोपेत घालवू नका.

दुसऱ्या दिवशीची ट्रुंग ट्रांग गुहा ठीक. टेंडरने जिया लुआन धक्क्यावर, तिथून बसने, गुहा कात बा राष्ट्रीय उद्यानात आहे आणि आत काही ठिकाणी कंबरेत वाकून जावं लागतं. आई बोटीवरच थांबली. जाऊन आलो म्हणायला ठीक, कोकणातलं जंगल बघितलेल्याला बसच्या खिडकीतून दिसणारी ती झाडी आवडेल. परत आलो तोपर्यंत साडेनऊ आणि केबिन रिकामी करायची वेळ झालेली, मग ब्रंच, आणि साडेअकराला बंदर. म्हणजे ‘दोन दिवस एक रात्र’ जे म्हणतात ते प्रत्यक्षात चोवीस तासही नाही. हे आधी माहीत असलेलं बरं. हातात वेळ असेल तर दोन रात्रींची क्रूझ बघा, कारण मधला एक पूर्ण दिवस छोट्या बोटीने आणखी आत नेतात.

दोन गोष्टी मनाला लागल्या. एक, पाण्यात थर्माकोलचे तुकडे. मासे आणि कालवं पाळायच्या तराफ्यांखाली थर्माकोलचे ठोकळे असायचे, त्यांचा चुरा अजून कडेकपारीत अडकलेला दिसतो, वरून सप्टेंबर २०२४ च्या यागी वादळाने तराफेच्या तराफे मोडून टाकले. हा लाँगमध्ये एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर सप्टेंबर २०१९ पासून बंदी आहे आणि आमच्या बोटीवर काचेच्या बाटल्या, कागदी स्ट्रॉ होते, हे चांगलंच. आपण चिप्सची पाकिटं डेकवर फोडतो ती वाऱ्याने उडतात, तेवढं तरी सांभाळूया. दुसरं, पाण्यावर राहणारी माणसं. जाहिरातीत तरंगती गावं दाखवतात, पण हा लाँगमधली तीनशेहून जास्त कुटुंबं २०१४ मध्ये सरकारने किनाऱ्यावर नेऊन वसवली. मुलांना शाळा, दवाखाना मिळाला हे खरं, पण ज्यांच्या पिढ्या होडीत गेल्या ते आता काय करत असतील हा विचार डोक्यातून जात नाही. लान हाच्या बाजूला तराफ्यांवर काही घरं अजून आहेत, एका घराच्या दारात कुत्रा आणि कुंडीत मिरचीचं झाड. फोटो काढताना विचारून काढा, लोकांचं घर आहे ते.

सीझन आणि सुरक्षा. ऑक्टोबर ते डिसेंबरची सुरुवात सगळ्यात चांगली. फेब्रुवारी-मार्चला बारीक रिमझिम आणि धुकं, काही दिवस समोरचं बेटही दिसत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत थंडी चांगली लागते, स्वेटर न्या. आपल्या शाळांच्या मे महिन्याच्या सुट्टीत उकाडा भयंकर पण जाता येतं. जुलै ते सप्टेंबर मात्र मी आईबाबांना घेऊन जाणार नाही. १९ जुलै २०२५ ला अचानक आलेल्या वादळी पावसात हा लाँगमध्ये दिवसाची एक पर्यटक बोट उलटली, ४९ जण होते, त्यातले तीसहून जास्त गेले. मोठं वादळ येणार असलं की बंदरच बंद करतात, पण असं एकदम उठणारं वादळ कोणाला सांगून येत नाही. बोटीवर गेल्यागेल्या लाइफ जॅकेट केबिनमध्ये कुठे आहेत ते बघा, बाहेर पडायचे दोन्ही जिने पायाखाली घाला, सेफ्टी ब्रीफिंग चालू असताना वेलकम ड्रिंकचे फोटो काढू नका. बुकिंग करताना एकच प्रश्न लेखी विचारा, हवामानामुळे रद्द झालं तर पूर्ण पैसे परत का अर्धे, आणि बोट अर्ध्यातून परत फिरली तर काय. आम्हाला व्हॉट्सॲपवर स्पष्ट उत्तर मिळालं म्हणूनच आम्ही तिथे बुक केलं.

आम्हाला माणशी १४ हजार रुपयांच्या आसपास पडलं, जेवणं, कयाक, गुहा सगळं धरून, शटल वेगळं. याच बोटीचे दर वेगवेगळ्या साइटवर वेगवेगळे दिसतात, तर थेट बोटवाल्यांना मेल करून विचारा, आम्हाला तिथेच स्वस्त मिळालं. मोठ्या बॅगा हनोईच्या हॉटेलात ठेवून जा, केबिनमध्ये त्या ठेवायला जागा नाही आणि टेंडरवर त्या चढवणं म्हणजे नुसती धावपळ, हॉटेलवाले बिनपैशाने ठेवतात. परतीला शटल चार-साडेचारपर्यंत हनोईत पोचवतं, सांगितलं तर नोई बाई विमानतळावर पण सोडतात, पण त्या संध्याकाळचं सहा-सातचं विमान काढू नका, रात्री नऊनंतरचंच काढा.